दप्तरातला सातबारा खिशात कसा आला

२०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या चावड्यांवर एक आगळं वाचन चाललं होतं. तलाठी संगणकातून छापून आणलेले उतारे पुढ्यात घेऊन बसायचा आणि गटवार मोठ्याने वाचायचा: गट नंबर, खातेदाराचं नाव, क्षेत्र इतके हेक्टर इतके आर, पोटखराबा, आकार, इतर हक्कात सोसायटीचा बोजा. समोरच्या खातेदारांनी ऐकायचं आणि चुकलं की तिथंच हात वर करायचा. हात वर करण्यासारखं पुष्कळ होतं. कुठे आडनावाची वेलांटी हरवलेली, कुठे कधीच फेडलेला तगाईचा बोजा अजून अंगावर, कुठे भावाभावांच्या हिश्श्यांची बेरीज मूळ गटापेक्षाही मोठी.

सरकारी कागदांत या मोहिमेचं नाव ‘चावडी वाचन’. राज्यातल्या ४४ हजारांहून अधिक गावांचे सुमारे अडीच कोटी सातबारे इंटरनेटवर न्यायचे होते, आणि न्यायच्या आधी त्यांची तपासणी गावाच्या कानांनी करून घ्यावी लागली. पुढे डिजिटल महाराष्ट्राच्या जाहिराती झाल्या, त्यांत या वाचनाचा उल्लेख क्वचितच आला. खरं तर सगळ्या खटाटोपातला शहाणपणाचा भाग तोच होता.

सातबारा म्हणजे दोन नमुन्यांची जोडी. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने एकूण २१. त्यातल्या सातव्यात जमिनीचा मालक आणि त्याचे हक्क, बाराव्यात त्या जमिनीवरचं पीक. मुळं जुनी आहेत. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून रयतवारी मोजणीला वळण दिलं. १९०३ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने हक्कनोंदणीचं पुस्तक आलं. दप्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्यांच्या घरात असे. १९५१ साली कुलकर्णी वतन संपलं आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेलं. माणूस बदलला, दप्तराचा दरारा तसाच राहिला.

दरारा असण्याला कारण होतं. पीककर्जाला सातबारा, विहिरीला सातबारा, वीजजोडणीला सातबारा, कोर्टात जामीन राहायचं तरी सातबारा. सोयरीक जुळवताना तोंडी सांगितलेली एकरं किती खरी, हेही लोक त्यावरूनच ताडून बघत. आणि एका तलाठ्याच्या सज्जात तीनचार गावं. आज तो या गावी, उद्या तहसीलला बैठक, परवा बाजाराचा दिवस. मे-जूनमध्ये बँक उतारा मागणार, आणि त्याच दिवसांत तलाठी हमखास दुसऱ्या गावी. एका उताऱ्यासाठी तीन हेलपाटे आणि चहापाण्याचा खर्च, हा हिशेब शेतकरी बी-बियाण्याच्या खर्चात धरूनच चालत असे.

हे दप्तर संगणकात घालायचा विचार लोक समजतात त्याहून जुना आहे. १९८८-८९ साली केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदींच्या संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. तेव्हा देशात मोबाइल नव्हता आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेटही नव्हतं. पुढे तालुक्याच्या ठिकाणी नोंदी भरल्या गेल्या, २००० नंतर तहसील कचेऱ्यांजवळ ‘सेतू’ केंद्रं उघडली. पण संगणकात भरलेली नोंद तिथेच थिजून राही आणि तलाठी हाताने लिहिलेल्या वहीत नवे फेरफार ओढत राही. थोड्याच वर्षांत हस्तलिखित एक सांगू लागलं, संगणक दुसरंच. चावडीवर जे वाचून जुळवावं लागलं ते हेच अंतर.

दरम्यान कोल्हापूर जिल्ह्यात एक वेगळाच प्रयोग होऊन गेला, आणि तो आज जवळजवळ कुणाच्या लक्षात नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं, गावात संगणक केंद्रं, वारणानगरशी जोडणी. शेतकऱ्याने तिथून बाजारभाव बघावेत, सरकारी योजना समजून घ्याव्यात, दाखले काढावेत, असं मोठं चित्र होतं. प्रत्यक्षात केंद्रांवर मुख्यतः एकच काम चालायचं, उसाचं. लागणीची नोंद, तोडणीची पाळी, गाडीचं वजन, खताची उचल, बिलाचा हिशेब. शेतकऱ्याला हवी ती माहिती त्याच्या स्वतःच्या उसाची होती. जगाची माहिती नंतर बघू.

२००७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी वारणेच्या सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले. ठरलेला संकेत पाठवायचा, उत्तरात आपल्या उसाचं वजन किंवा खताची शिल्लक यायची. लाखभर खर्चाच्या यंत्राचं काम हजार-दोन हजाराच्या फोनने, तेही स्वस्तात आणि वीज नसतानाही, करून दाखवलं. आज देशभर जे घडलं आहे त्याचा अंदाज त्या सात गावांत आला होता. गावात इंटरनेट येईल ते टेबलावरच्या पेटीतून येणार नाही, हे तिथे दिसलं.

पण तेव्हा हातातल्या फोनवर इंटरनेट चालवणं परवडणारं नव्हतं. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला तेव्हा बोलायचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले, तिथून मोबाइल गावात शिरला. डेटा मात्र महागच राहिला. २०१६ च्या मध्यापर्यंत एका जीबीला साधारण अडीचशे रुपये मोजावे लागत, म्हणजे कित्येक गावांत मजुराचा दिवसभराचा रोज. इतक्या पैशात सातबारा बघण्यापेक्षा एसटीने तालुक्याला जाणं स्वस्त पडे.

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. आधी वर्षअखेरपर्यंत आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाले. बाकीच्या कंपन्यांनीही दर पाडले, काही कंपन्या त्या दरयुद्धात बुडाल्या किंवा विलीन झाल्या, आणि एका जीबीचा भाव दहा-पंधरा रुपयांवर आला. याच काळात, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. फुकट डेटा आणि नोटांची टंचाई ही दोन्ही एकाच हंगामात यावीत हा योगायोग; पण ग्रामीण महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात त्या आठ-दहा महिन्यांइतकी घडामोड क्वचितच एकत्र झाली असेल.

मुरबाड तालुक्यातल्या धसईचं उदाहरण घेण्यासारखं आहे. १ डिसेंबर २०१६ ला हे गाव राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली, वडापावच्या गाडीवरही कार्ड चालतं अशी छायाचित्रं छापून आली, मंत्री येऊन गेले. थोड्याच महिन्यांत पत्रकार परत गेले तेव्हा गिऱ्हाईक पुन्हा नोटा मोजत होतं. रेंज जायची, यंत्र अडायचं, आणि दहा रुपयांच्या मिठासाठी कार्ड काढायचं कुणाला सुचत नव्हतं. मेळघाटातलं हरिसाल हे दुसरं गाजलेलं गाव. सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते ‘डिजिटल गाव’ म्हणून उभं केलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी याच गावाचे व्हिडिओ सभांमधून दाखवून दाव्यांची उलटतपासणी केली आणि मोठा वाद झाला. ज्या गावाला पहिलं म्हणून मिरवलं जातं, तिथे उद्घाटन संपल्यावर जायला हवं, एवढं या दोन गावांवरून कळतं.

गंमत अशी, की धसईत जे यंत्राने जमलं नाही ते पुढे एका छापील चौकोनाने जमवलं. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी २१ बँकांसह यूपीआयची चाचणी सुरू केली होती. त्या दिवशी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. दुकानदाराला यंत्र नको, भाडं नको, वीज नको. क्यूआर कोडचा कागद टपरीच्या खांबाला चिकटवला की झालं. ३० डिसेंबरला ‘भीम’ ॲप आलं, पुढच्या वर्षी गूगलचं ‘तेज’ आलं, आणि नंतर ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असं बोलणारी पेटी आली. ती पेटी आल्यावर अक्षर न वाचणाऱ्या भाजीवालीचीही फोनकडे बघायची गरज संपली. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर महिन्याला हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला. या सगळ्याची देखरेख करणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन मुंबईचीच.

आता पुन्हा २०१७ चा उन्हाळा. चावड्यांवर वाचन चालू असतानाच नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याने संपाची हाक दिली. १ जूनपासून शेतकरी शहरांना दूध-भाजी पाठवणार नाहीत. कुणा एका पुढाऱ्याचा हा संप नव्हता. हाक गावोगाव पोचली ती मोठ्या प्रमाणात व्हॉट्सॲपवरून, नुकत्याच स्वस्त झालेल्या डेटावर. संपाने सरकारला नमवलं. जूनअखेर ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली.

आणि मग सरकारने फोनच्या त्याच दुनियेतून शेतकऱ्याला परत गाठलं. कर्जमाफी हवी तर अर्ज ऑनलाइन भरा. पती-पत्नीचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील, अंगठ्याचा ठसा. हेतू बोगस खाती गाळण्याचा होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण ऐन पेरणीनंतरच्या दिवसांत ‘आपले सरकार’ केंद्रांसमोर रांगा लागल्या. सर्व्हर दिवसा चालेना म्हणून माणसं रात्री जाऊन बसली. कष्ट करून झिजलेले अंगठे यंत्राला ओळखू येत नव्हते. मुदती वाढवाव्या लागल्या, दिवाळीत मोजक्या शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर याद्यांतल्या चुका बाहेर आल्या. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती आणली तेव्हा अर्जाची अटच काढली. बँकेने यादी द्यायची, शेतकऱ्याने येऊन फक्त आधार पडताळायचं. २०१७ चा धडा इतका सरळ क्वचितच गिरवला गेला असेल.

१ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर उतारा नुसता बघायला आधीपासून मिळत होता, पण त्यावर सही नसे आणि बँक तो मान्य करत नसे. आता १५ रुपये भरले की तलाठ्याच्या डिजिटल सहीचा उतारा फोनवर उतरतो. या एका ओळीमागे तलाठ्यांची कित्येक वर्षांची मेहनत होती. दिवसा सर्व्हर मंद म्हणून कित्येकांनी रात्री जागून नोंदी दुरुस्त केल्या, पदरच्या पैशाने डोंगल घेतले, त्यासाठी आंदोलनंही केली. ज्या तलाठ्याला लोक अडवणुकीबद्दल बोल लावत आले, त्याच्याच हातून त्याचा दरारा मोडणारं काम झालं. तलाठ्याचं पदनामही आता बदललं आहे, ग्राम महसूल अधिकारी. लोकांच्या तोंडी तो तलाठीच आहे.

या उताऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला? गावात राहणाऱ्यापेक्षा गावाबाहेर राहणाऱ्याला. कोकणातल्या एकेका सातबाऱ्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस नावं असतात आणि त्यातली निम्मी परळ, डोंबिवली, विरारला. पूर्वी गणपतीला गावी गेल्यावर कळायचं की चुलत्याने वारसनोंद करताना बहिणींची नावं गाळली, किंवा सड्यावरचा तुकडा विकला. आता चाकरमानी लोकलमध्ये उभ्या उभ्या उतारा बघतो. फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात, त्यामुळे भांडण निदान वेळेत सुरू होतं. दुसरी बाजू अशी, की दलालालाही तेवढंच दिसतं. महामार्ग किंवा प्रकल्प येणार असल्याची कुणकुण लागली की कुठला गट कुणाचा हे शोधायला त्याला गावात पाऊल टाकावं लागत नाही.

सातची गोष्ट अशी मार्गी लागली. बाराची जास्त रंगतदार आहे. पिकाची नोंद तलाठ्याने शेतात जाऊन करायची असा नियम. तो पारावर बसून करतो, अशी जुनी तक्रार. कापसाच्या रानात सोयाबीन लिहिलेलं सापडायचं, आणि नुकसानभरपाईच्या वेळी ते बाधायचं. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या मदतीने बनवलेल्या या ॲपवर शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन जागेचे अक्षांश-रेखांश टिपतो, नोंद थेट बारा नंबरात. तलाठ्याने दहा टक्के नोंदी तपासायच्या. पावणेदोनशे वर्षांहून जुन्या महसुली व्यवस्थेत आपल्या पिकाची नोंद करायचा अधिकार पहिल्यांदाच खुद्द शेतकऱ्याच्या हाती आला. हा बदल छोटा नाही, आणि या लेखातल्या सगळ्या बदलांत तोच सर्वांत मूलगामी आहे.

अधिकाराबरोबर जबाबदारीही त्याच्यावरच आली. २०२३ च्या खरिपात भाव कोसळल्याने सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, देण्याचं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. निकष ठेवला ई-पीक पाहणीचा. ज्यांच्याकडे साधा फोन होता, ज्यांचं ॲप फोटो घेत नव्हतं, ज्यांच्या रानात रेंज नव्हती, ते पीक घेऊनही यादीबाहेर. ओरड झाली, अट सैल करावी लागली आणि सातबाऱ्यावरची नोंद ग्राह्य धरली गेली. आधी कडक अट, मग रांगा, मग मुदतवाढ, मग सवलत. हा क्रम इतक्या वेळा फिरून आला आहे की योजना आखतानाच शेवटची पायरी आधी का लिहून ठेवत नाहीत, असा प्रश्न पडावा.

२०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. महिना १,५०० रुपये, अर्ज ‘नारीशक्ती दूत’ ॲपवर. दोन कोटींहून अधिक बायकांपर्यंत योजना पोचली ती अंगणवाडी सेविकांनी आपल्या फोनवर भरलेल्या अर्जांमुळे. एका अर्जामागे त्यांना ५० रुपये ठरले होते. बायकांच्या नावाने खाती उघडली, आधार जोडलं गेलं, अनेकींनी पहिल्यांदा बँकेचा संदेश स्वतःच्या नावाने वाचला. पण ओटीपी येतो तो फोनवर, आणि घरातला एकुलता फोन पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात. २०२५ मध्ये ई-केवायसीसाठी पती किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली तेव्हा विधवा आणि टाकलेल्या बायकांनी काय करायचं याचं उत्तर सुरुवातीला नव्हतंच.

सातबारा खिशात आल्याने मध्यस्थ गेला, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. तो तहसीलच्या आवारातून उठून एसटी स्टँडजवळच्या गाळ्यात बसला. समोर लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, लॅमिनेशन आणि झेरॉक्स. २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीक विमा दिला. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत असतानाही शेतकऱ्याकडून वेगळे पैसे घेतल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. पुढे बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. तरीही गाळ्यातला पोरगा आणि जुना कारकून यांत फरक आहे. त्याला टाळून दुसऱ्या गाळ्यात जाता येतं, आणि थोडं शिकलेल्या नातवाला हाताशी धरलं तर कुठेच जावं लागत नाही. तलाठ्याला टाळायची सोय कधीच नव्हती.

१ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर सुरू झाली, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावण्यासाठी. ती सुरू करावी लागली हेच सांगतं की फोनवर झळकणाऱ्या उताऱ्यांत कितीतरी मालक वारलेले आहेत. शेतकरी ओळख क्रमांक आता बहुतेक योजनांना लागतो आणि तो सातबाऱ्यावरून बनतो. उताऱ्यातली चूक त्यामुळे कर्जापासून अनुदानापर्यंत सगळीकडे सोबत जाते. तेव्हा ज्यांच्या नावावर, वडिलांच्या किंवा आजीच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे, त्यांनी १५ रुपये खर्चून उतारा काढावा. नाव, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ हे तीन रकाने सावकाश वाचावेत, घरातल्या लेकीसुनांची नावं लागली आहेत का ते बघावं. लेखनाची चूक आढळली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.